बागेतल्या शेडमधल्या मॉडेल रेल्वेचे रूळ उन्हाळ्यात वाकतात आणि गाडी अडखळते. काय करावं?

सगळा दोष रुळांना देऊ नका. मीही आधी तेच केलं होतं. इंग्लंडमधल्या आमच्या लाकडी शेडमध्ये पहिल्याच उन्हाळ्यात वळणावरचा रूळ खिळ्यांसकट उचलला गेला. हिशेब केला तर निकेल सिल्व्हरचा (तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू) ४ मीटर रूळ ३० अंशांच्या फरकाने जेमतेम २ मि.मी. वाढतो. उरलेली करामत खालच्या लाकडाची. हिवाळ्याच्या दमट हवेत ते फुगतं, उन्हात आकसतं, आणि रुळाला जागाच उरत नाही.

म्हणून आधी शेडच्या भिंती आणि छत इन्सुलेट करा. रुळांखालच्या प्लायवूडला दोन्ही बाजूंनी व्हार्निश मारा, कडा तर अजिबात विसरू नका, पाणी तिथूनच पितं ते. सांध्यात जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा. ऐन उन्हाळ्यात रूळ टाकत असाल तर त्याहून कमी चालेल.

फट ठेवली की फिशप्लेटमधून, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीतून, वीज नीट जाईलच असं नाही. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करा. कंटाळवाणं काम आहे, मान मोडते, पण गाडी अडखळायचं थांबतं ते यानेच.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरे. पॉलिश पेपर नको. त्याच्या ओरखड्यांत काजळी आणखी घट्ट बसते. आणि इंजिनं थंडीत शेडमध्ये ठेवू नका. आमची नोव्हेंबरपासून कपाटात, स्वेटरांशेजारी असतात.