द्राक्षांच्या रिपोर्टमध्ये सगळीकडे 'बीएलक्यू' आलं म्हणजे फवारणीचं औषध मालात अजिबात नाही असं समजायचं का?

नाही, तसं समजू नका. मी अवशेष तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. बीएलक्यू म्हणजे यंत्राला खात्रीने मोजता येईल त्या पातळीच्या खाली. ही पातळी बहुतेक औषधांना किलोला 0.01 मिलिग्रॅम असते, म्हणजे टनभर द्राक्षांत 10 मिलिग्रॅम. त्यामुळे तुमचा रिपोर्ट चांगलाच आहे, पण फक्त त्यातल्या यादीपुरता. ती यादी आधी तुमच्या फवारणीच्या वहीशी ताडून बघा.

नेहमीच्या तपासणीत आम्ही मणी न धुता, सालीसकट वाटतो. त्यातल्या 10 ग्रॅम लगद्यातले अवशेष इथाइल अ‍ॅसिटेट किंवा अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये उतरवतो आणि एलसी-एमएसएमएस व जीसी-एमएसएमएस या यंत्रांवर शेकडो औषधं एकदम शोधतो. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मात्र या वाटेने सापडतच नाही. ते या द्रावकांत विरघळत नाही, शिवाय फळाच्या रसात मोडायला लागतं. त्यासाठी मणी न वाटता स्टॅनस क्लोराइड घातलेल्या आम्लात तापवायचे आणि सुटणारा कार्बन डायसल्फाइड मोजायचा. ही तपासणी वेगळी सांगावी लागते. डावणी या बुरशीच्या रोगासाठी मॅन्कोझेब मारलं असेल आणि यादीत 'डायथायोकार्बामेट' (मॅन्कोझेबचा गट) ही ओळ नसेल, तर त्याबद्दल रिपोर्ट काहीच सांगत नाही.

लिहोसिन या संजीवकाचंही तेच. त्यातलं क्लोरमेक्वाट पाण्यात फार विरघळतं, त्याला स्वतंत्र पद्धत लागते. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले ते याच संजीवकामुळे. तेव्हा ते आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. कित्येक बागायतदारांचं वर्ष त्यात गेलं.

नमुना कसा घेतला होता? बांधाकडच्या दोन-चार वेलींचे घड तोडले असतील तर तो प्लॉटचा नमुना नव्हे. सगळ्या ओळींतून, पानांआड सावलीतलेही घड घ्यायला हवेत, कारण उन्हात बरीच औषधं लवकर विघटित होतात. आणि नमुना दिल्यानंतर पुन्हा फवारणी झाली असेल तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा.

तुमचा माल इथल्याच बाजारात जाणार आहे, तरी स्वतःच्या पैशाने तपासून घेतलात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. परदेशी जाणारा घड इतका पारखला जातो आणि आपल्या मुलांच्या ताटातला नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

मॅन्कोझेब किंवा लिहोसिन वापरलं असेल तर तोडणीआधी त्या दोन तपासण्या नाव घेऊन सांगा. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची असेल तर तिच्या मान्यतेच्या कक्षेत त्या आहेत का, हेही विचारून घ्या.