जर्मन गिऱ्हाईक ‘रीच सर्टिफिकेट’ मागतंय. पितळी व्हॉल्व्हसाठी यादीतल्या सगळ्या पदार्थांची लॅब टेस्ट करावी लागेल का?

नाही. सरसकट टेस्टवर पैसे घालू नका. रीच म्हणजे रसायनांबाबतचा युरोपचा कायदा, आणि ‘रीच सर्टिफिकेट’ नावाचा कागद युरोपातलं कुठलंही सरकारी खातं देत नाही. गिऱ्हाइकाला हवी आहे तुमच्या सही-शिक्क्याची घोषणा: कोणत्या भागात एसव्हीएचसी, म्हणजे युरोपने घातक म्हणून यादीत टाकलेला पदार्थ, वजनाच्या 0.1 टक्क्याहून जास्त आहे. रीचच्या कलम 33 प्रमाणे ही माहिती पुढे देणं तिकडच्या आयातदारावर बंधनकारक आहे. पण माल तुम्ही बनवता, त्यामुळे तो तुम्हालाच विचारणार.

तुम्ही लिहिलंय, बॉडी सीडब्ल्यू614एन पितळेची, पिन ईएन-1ए लेडेड, म्हणजे शिसं घातलेल्या स्टीलची, आणि ओ-रिंग (सीलसाठीची रबरी कडी) बाहेरून घेतलेली. पहिल्या दोन भागांचं उत्तर टेस्टशिवाय मिळतं. सीडब्ल्यू614एनमध्ये शिसं 2.5 ते 3.5 टक्के असतं आणि लेडेड स्टीलमध्ये 0.15 ते 0.35 टक्के. शिसं 27 जून 2018 पासून यादीत आहे, म्हणजे दोन्ही भाग जाहीर करावे लागतील. पितळेचं बहुतेकांच्या लक्षात येतं, पिन मात्र निसटते, कारण स्टीलमध्ये शिसं असेल असं कुणाच्या मनात येत नाही. त्यात स्टीलच्या स्पेक्ट्रो रिपोर्टमध्ये (धातूतल्या घटकांच्या तपासणी अहवालात) शिशाचा रकाना बऱ्याचदा नसतोच. बार घेतानाच हीट नंबरसकट (वितळणीच्या घाण्याचा क्रमांक) मिल टीसी, म्हणजे गिरणीचं तपासणी प्रमाणपत्र, मागा आणि त्यात शिशाचा आकडा हवा असं पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहा. ड्रॉइंग परवानगी देत असेल तर पिन बिगर-लेडेड ईएन-1एची करता येते. फक्त चिप लांब निघते आणि इन्सर्ट (हत्याराचं कापणारं पातं) लवकर झिजतो, तो हिशोब दरात धरा.

खरी चूक होते ओ-रिंगमध्ये. समजा व्हॉल्व्ह 1,200 ग्रॅमचा आहे, ओ-रिंग 2 ग्रॅमची आणि तिच्यात डीईएचपी हा प्लास्टिसायझर (रबर मऊ करणारा, यादीतलाच पदार्थ) 10 टक्के. म्हणजे 0.2 ग्रॅम. अख्ख्या व्हॉल्व्हच्या वजनावर काढलं तर जेमतेम 0.017 टक्के येतं, आणि लोक ‘नाही’वर टिक करून मोकळे होतात. हे चालत नाही. युरोपियन न्यायालयाने 10 सप्टेंबर 2015 ला निकाल दिला आहे की जोडणीतला प्रत्येक भाग स्वतंत्र वस्तू म्हणून मोजायचा. ओ-रिंगमध्ये 10 टक्के, म्हणून ओ-रिंग जाहीर करायची.

हार्ड क्रोम प्लेटिंगची भीती मात्र बाळगू नका. यादीतलं क्रोमियम ट्रायऑक्साइड प्लेटिंगच्या बाथमध्ये असतं, भागावर बसतो तो धातुरूप क्रोमियमचा थर.

रोह्स (विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या घातक पदार्थांवरचा युरोपचा नियम) आणि रीच यांची गल्लत करू नका. तांब्याच्या मिश्रधातूंत 4 टक्क्यांपर्यंत शिसं चालतं ही सवलत रोह्समधली. ती लागू असली तरी रीचखाली सांगण्यातून सुटका नाही. उलट, यादीत नाव आलं म्हणजे बंदी आली असंही नाही. ‘आहे’ लिहिल्याने ऑर्डर जाईल या भीतीने ‘नाही’ लिहू नका. हातातली एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं यंत्र) पितळेतलं शिसं काही सेकंदांत दाखवते, आणि मग प्रश्न सगळ्या लॉटचा होतो. पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगचे नियम वेगळे आहेत, ते गिऱ्हाइकाला आधीच विचारून घ्या.

घोषणेत भाग क्रमांक, साहित्याचा ग्रेड, पदार्थाचं नाव, सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक (शिशाचा 7439-92-1, डीईएचपीचा 117-81-7), टक्केवारीची रेंज आणि यादी कोणत्या तारखेची पाहिली ते लिहा. हीच माहिती आयातदाराला एस्सीआयपी डेटाबेसमध्ये, म्हणजे असे पदार्थ असलेल्या वस्तूंच्या युरोपीय नोंदवहीत, भरावी लागते. 5 जानेवारी 2021 पासून ते सक्तीचं आहे. यादी साधारण जानेवारी आणि जूनमध्ये वाढते. नाव आलं त्याच दिवसापासून कर्तव्य लागू होतं, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या पत्रावर तारीख बदलून पाठवू नका.

ओ-रिंगवाल्याने नुसतं ‘रीच कम्प्लायंट’ लिहून दिलं तर पत्र परत पाठवा आणि विचारा: रबर कोणतं, प्लास्टिसायझर कोणता, किती टक्के. त्याला सांगता आलं नाही, तरच त्या एका कंपाउंडची थॅलेटसाठी (डीईएचपीच्या गटातले प्लास्टिसायझर) जीसी-एमएस ही लॅब टेस्ट करून घ्या.