अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं

परीक्षा तोंडावर आली की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : "पोरगं हुशार आहे, पण पुस्तक उघडलं की त्याला भलतंच काहीतरी सुचतं. आळशी झालाय का हा?" उत्तरादाखल कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका मुलाचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

ओंकार बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. आई त्याला समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आली तेव्हा दिवाळीनंतरची सेमिस्टर परीक्षा जवळ आली होती. "काय सांगू मॅडम, पहाटे उठून टेबलाला बसतोय की! पण पान काय उलटंना. परवा मिक्सर खोलून बसला, काल माळ्यावरची ट्रंक उपसली."

मी त्याची वही बघितली. पानावर तारीख, खाली 'आल्डॉल कंडेन्सेशन' (ऑर्गॅनिक म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्रातली एक रिअ‍ॅक्शन) हे शीर्षक, पट्टीनं दुहेरी रेघ मारलेलं. त्याखाली सगळं कोरं. पुढच्या पानावर पुढची तारीख, तेच शीर्षक, तशीच रेघ. आळशी मुलगा रोज पट्टी शोधून रेघा मारत बसत नाही. हा रोज दारापर्यंत जात होता आणि परत फिरत होता.

"मग त्या वेळात करतोस काय?" विचारल्यावर पोरगा खुलला. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला पोसायडनचा, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाचा, ब्राँझचा पुतळा आपल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे, हे त्याला अभ्यास टाळतानाच कळलं होतं. मग अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीचे किरण ९ ते ११ नोव्हेंबर आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असे वर्षातून दोनदाच देवीच्या मूर्तीवर का येतात, हे त्यानं स्वतः काढलं होतं. माझ्याच टेबलावरचा कागद ओढून आकृती काढली. २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या साधारण सहा आठवडे आधी जाताना आणि तितकेच आठवडे नंतर परतताना तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो. समजावणं इतकं स्वच्छ, की मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

मी म्हटलं, "ही आकृती चुकली असती तर?"

"चुकली तर चुकली. परत काढली असती."

"आणि आल्डॉलची रिअ‍ॅक्शन चुकली तर?"

तो गप्प झाला. मग हळूहळू निघालं. बारावीपर्यंत वर्गात पहिला. कॉलेजात पहिल्याच ऑर्गॅनिकच्या चाचणीत कमी मार्क पडले आणि ते सगळ्यांसमोर वाचले गेले. "तेव्हापासून ते पुस्तक काढलं की पोटात गोळा येतोय मॅडम. उठलं की बरं वाटतंय."

सगळी मेख त्या 'बरं वाटतंय'मध्ये आहे. उठलं की लगेच सुटका होते. मन ती सुटका लक्षात ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठवतं. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी २०१३मध्ये हेच मांडलं : चालढकल म्हणजे त्या क्षणीची नकोशी भावना टाळणं. वेळापत्रक भिंतीवर चिकटवून ती भावना जात नाही, आणि शिव्या घालून तर ती वाढते. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी ती कमी केली. आपल्याकडे हे पालकांच्या पचनी पडत नाही, पण मला ते रोजच्या कामात दिसतं.

ओंकारसोबत ठरवलं ते अगदी छोटं होतं. चहाचा कप खाली ठेवला की पुस्तक मिटून एकच रिअ‍ॅक्शन आठवेल तशी, चुकीची का होईना, कागदावर उतरवायची. त्यानंतरच पुस्तक उघडून लाल पेनानं दुरुस्त करायची. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं 'अमुक झालं की तमुक करायचं' अशी आधीच बांधलेली गाठ किती उपयोगी पडते हे दाखवलं आहे. मोबाइल आईच्या खोलीत. मध्येच काही सुचलं तर ते वेगळ्या वहीत टिपायचं आणि रविवारी त्याच्या मागे लागायचं. त्याचं कुतूहल मला मारायचं नव्हतं.

पहिल्या आठवड्यातले कागद लालेलाल होते. गोळा येतच होता, पण तो असतानाही हात चालू लागला. त्या परीक्षेत ऑर्गॅनिकचा पेपर जेमतेम सुटला. पुढच्या सेमिस्टरला आईनं 'अभ्यासाला बस, बस' म्हणणं सोडलं होतं.

तुमच्या घरी असं चाललं असेल तर "किती झालं?" विचारण्याआधी "कुठलं पुस्तक काढलं की नको वाटतं?" एवढं विचारा. आणि झोप, जेवण, मित्र सगळंच सुटत चाललं असेल, जगणं नको झाल्याची भाषा येत असेल, तर परीक्षा संपायची वाट बघू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. तिथे दिवसरात्र बोलता येतं, मराठीतही.