कमोडोर 1541 ड्राइव्ह फ्लॉपी फिरवतो, पण वाचत नाही. हेडची अलाइनमेंट बिघडली असेल का?

तुम्ही लिहिले आहे की कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकाचा 1541 हा फ्लॉपी ड्राइव्ह बरीच वर्षे बंद पडून होता, आता मोटर फिरते, लाल दिवा लागतो, पण एकही फ्लॉपी वाचली जात नाही. तेव्हा स्टेपर मोटरचे (हेड टप्प्याटप्प्याने सरकवणाऱ्या मोटरचे) स्क्रू सैल करून हेड, म्हणजे फ्लॉपी वाचणारा व लिहिणारा भाग, जुळवून घ्यावे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे मत असे की त्या स्क्रूंना तूर्तास हात लावू नये. 1541 ची अलाइनमेंट, म्हणजे फ्लॉपीवरील वर्तुळाकार पट्ट्यांवर (ट्रॅकवर) हेड नेमके बसवणारी जुळणी, बिघडते हे खरे आहे, पण दीर्घकाळ न वापरलेल्या ड्राइव्हमध्ये दोष बहुधा हेडवरील घाण, वाळलेले ग्रीस किंवा खुद्द फ्लॉपी यांपैकी कशात तरी निघतो. ठीक असलेली जुळणी एकदा हलवली की मूळ दोष शोधणे दुप्पट कठीण होते.

प्रथम फ्लॉपी न घालता ड्राइव्ह सुरू करून पाहा. निरोगी 1541 मध्ये लाल दिवा आणि मोटर क्षणभर चालू होतात व आपोआप थांबतात. दोन्ही थांबतच नसतील, तर दोष यांत्रिक भागात नसून पुरवठ्यात किंवा बोर्डावरील प्रोसेसर, रॉम वा रॅममध्ये असण्याची शक्यता अधिक, कारण या ड्राइव्हला स्वतःचा 6502 प्रोसेसर आहे आणि तोच जागा होत नाही असा त्याचा अर्थ होतो. तुमचा ड्राइव्ह ही पायरी ओलांडत असेल, तर फ्लॉपी घालून वाचनाचा प्रयत्न करा आणि दिवा लुकलुकू लागला की चॅनल 15 वरून (ड्राइव्ह आपली स्थिती संगणकाला कळवतो त्या वाहिनीवरून) त्रुटीचा क्रमांक वाचा. 21 आला तर हेडला सिंकची, म्हणजे विदेचा आरंभ दाखवणारी, खूणच मिळत नाही, 23 आला तर विदा मिळते पण तिची पडताळणीची बेरीज जुळत नाही. केवळ ‘वाचत नाही’ म्हणण्यापेक्षा हा क्रमांक कितीतरी अधिक सांगतो.

त्यानंतर फ्लॉपीकडे वळा. 1541 ला एकच हेड आहे आणि ते खालच्या बाजूला असते, म्हणून फ्लॉपी उलटी धरून लंबगोल खिडकीतून दिसणारा पृष्ठभाग तिरप्या उजेडात, मधला गोल हाताने हळूहळू फिरवत, पूर्ण फेरीभर तपासा. धुरकट ठिपके किंवा पांढरट वलये दिसली तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नये, कारण सुटलेला थर हेडला चिकटतो आणि तेच हेड पुढची चांगली फ्लॉपी ओरखडते. नव्याने मिळवलेल्या फ्लॉपी 1.2 मेगाबाइटच्या असतील तर त्याही बाजूला ठेवा. त्यांच्या चुंबकीय थराला अधिक जोरदार क्षेत्र लागते आणि 1541 त्यांवर भरवशाने लिहू शकत नाही.

आता सफाई. झाकण काढण्यापूर्वी वीजजोडणी भिंतीपासून तोडा, कारण मूळ 1541 चा ट्रान्सफॉर्मर खोक्याच्या आतच आहे आणि तिथे थेट घरगुती वीज येते. कापसाच्या काडीला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड अलगद पुसा आणि काडीवर तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत नवी काडी घेत राहा. हेडच्या वर दाब देणारी नमद्याची छोटी गादी असते. तिचा हात गरजेपेक्षा जास्त उचलू नका, नाहीतर स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि आधी नसलेला दोष निर्माण होतो. ही गादी झिजून कडक झाली असेल तर हेड स्वच्छ असूनही वाचन अधूनमधून चुकते, आणि ही गोष्ट फार जणांच्या लक्षातच येत नाही. नखांचा रंग काढणारे द्रव मात्र चुकूनही वापरू नये. त्यातील अ‍ॅसिटोन प्लास्टिक खाते.

हेड ज्या दोन दांड्यांवर सरकते त्यांवरील जुने ग्रीस गोंदासारखे घट्ट झालेले असते. ते अल्कोहोलने पूर्ण काढून हलक्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. स्टेपर मोटरपासून हेडपर्यंत जाणाऱ्या पोलादी पट्टीला मात्र तेल लागू देऊ नका. रबरी पट्टा सैल वा चिकट झाला असल्यास बदला. गती मिनिटाला 300 फेऱ्या असावी लागते. चाकाच्या खालच्या बाजूस 50 व 60 हर्ट्झसाठी स्ट्रोबच्या, म्हणजे गती योग्य असता स्थिर दिसणाऱ्या, खुणा असतात, पण त्या स्थिर दिसण्यासाठी विजेच्या तालावर लुकलुकणारा दिवा हवा. आजचे बरेच एलईडी दिवे या कामी निरुपयोगी आहेत, त्यामुळे गती मोजणारा प्रोग्राम बरा.

एवढे झाल्यावर, जिच्यात काही मोलाचे नाही अशी फ्लॉपी याच ड्राइव्हमध्ये फॉरमॅट करून वाचा. स्वतःची फ्लॉपीही वाचता येत नसेल तर दोष सफाई, गती, हेड किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. स्वतःची बिनचूक वाचली जाते, पण दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेल्या अनेक चांगल्या फ्लॉपी वाचल्या जात नाहीत, असे दिसले तरच अलाइनमेंटचा संशय घ्या. 1541 ला शून्य ट्रॅक ओळखणारा सेन्सरच नाही. फॉरमॅट करताना आणि काही त्रुटींनंतर तो हेड मागे नेऊन अडथळ्यावर आपटतो, तुम्हाला ऐकू येणारा तो खडखडाट याचाच. त्या धक्क्यांनी आणि उष्णतेने काही ड्राइव्हमधील स्टेपर मोटरची पुली दांड्यावर किंचित सरकते. इथे ट्रॅकमधील अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे, यावरून किती बारीक हलवायचे याचा अंदाज यावा.

त्या वेळी मोटरची मूळ जागा टोकदार पेन्सिलीने आखा, स्क्रू अर्धवटच सैल करा आणि कारखान्यात लिहिलेली, लेखन-संरक्षित फ्लॉपी आत ठेवून मोटर केसभर फिरवत 1, 18 व 35 हे ट्रॅक वाचून पाहा. निर्देशिका (फाइलींची यादी) 18 वर असल्याने ती दिसली म्हणजे काम झाले असे अनेकांना वाटते, परंतु कडेचे ट्रॅक तरीही हुकत असू शकतात. स्क्रू आवळतानाही मोटर थोडी सरकते, म्हणून आवळल्यानंतर हे तिन्ही ट्रॅक पुन्हा तपासावे लागतात.