चार ओळींची एकच ओळ

प्रश्न : आईच्या अहिराणी ओव्या लुआटेकमध्ये (टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली, सोबत लुआ ही प्रोग्रामिंग भाषा) जुळवतेय. मॅक्रोमधून (टेकमध्ये आपण बनवलेल्या आज्ञेतून) लुआकडे पाठवल्या की चारही ओळी एकाच ओळीत येतात. काय करू? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : ताई, लुआचा दोष नाही. टेक मजकूर वाचतानाच ओळीच्या शेवटाची मोकळी जागा करून टाकतं. म्हणून मॅक्रोने ओवी उचलण्याआधी ओळ-शेवटाचा कॅटकोड, म्हणजे टेक प्रत्येक चिन्हाला देतं तो प्रकार-क्रमांक, ५ (ओळीचा शेवट) चा १२ (साधं चिन्ह) करा. नंतर केलात तर उपयोग नाही, कोड चिन्हाला वाचतानाच चिकटतो. मग मजकूर लुआएस्केपस्ट्रिंगमधून (मजकूर लुआसाठी सुरक्षित करणारी आज्ञा) डायरेक्टलुआला (लुआ चालवणारी आज्ञा) द्या. अवतरणचिन्हंही सांभाळली जातात. लुआत ओळी तोडायच्या त्या १३ क्रमांकाच्या चिन्हावर (कॅरेज रिटर्न), १० वर (लाइन फीड) नव्हे. धुळ्यात कानबाईची गाणी लावताना माझी अख्खी रात्र याच फरकात गेली. आणि कॅटकोडचा बदल गटातच (टेकच्या महिरपी कंसांसारख्या मर्यादेत) ठेवा, नाहीतर पुढची सगळी पानं बिघडतील.