खानापूर तालुक्यात राहतो, इंटरनेट बेताचं आहे. गेम खेळायचा प्लेस्टेशन ५ (पीएस५) डिजिटल घेऊ की डिस्कवाला?

डिस्कवालाच घ्या. डिजिटलला डिस्क घालायची सोय नसते, गेम नेटवरूनच उतरवावे लागतात; तो स्वस्त पडतो खरा, पण वाचलेले पैसे पुढच्या काही गेममध्येच निघून जातात. मी बेळगावात गेमच्या डिस्क विकतो, जुन्या परतही घेतो. खेळून झालेली डिस्क निपाणी-चिकोडीकडची पोरं आनंदाने घेऊन जातात, तुमचे बरेचसे पैसे सुटतात. डिजिटल गेम मात्र खात्याला चिकटलेला, तो विकता येत नाही. शिवाय पीएस४च्या जवळपास सगळ्या डिस्क पीएस५वर चालतात, आणि त्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात.

डाउनलोडचा विचार तर तुम्ही आधी करायला हवा. आजचे मोठे गेम १०० जीबीच्या घरात जातात. १० एमबीपीएसच्या लाइनवर तेवढं उतरायला २२ तासांवर लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला हे कसं जमायचं? पीएस५ची डिस्क १०० जीबीपर्यंत धरते, म्हणजे गेमचा मोठा भाग घरबसल्या डिस्कवरूनच इन्स्टॉल होतो. अपडेट तेवढे नेटवरून घ्यावे लागतात.

फक्त फोर्टनाइटसारखे फुकटचे ऑनलाइन गेम खेळणार असाल, तर डिजिटल पुरे. २०२३ साली आलेल्या स्लिम मॉडेलला डिस्क ड्राइव्ह मागाहून वेगळा विकत घेऊनही जोडता येतो. जोडताना एकदा इंटरनेट लागतं, ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही भागतं.