कोयनेत बदली झालीय? मग हे ऐकून ठेवा

मॅडम, पाटण तालुक्यात आलात म्हणजे हादरे बसणारच. अडीच-तीन रिश्टरचा धक्का इथली म्हातारी माणसं चहा न सांडता सोसतात. चारच्या वरचा मात्र निराळा. आधी जमिनीतून ट्रक गेल्यासारखा गुरगुराट, मग पत्रे आणि भांडी एकदम वाजतात.

त्या क्षणी जिन्याकडे धावू नका. टेबलाखाली बसा, टेबलाचा पाय घट्ट धरा, डोकं झाका. थांबलं की आधी गॅसचा रेग्युलेटर बंद, मग चपला घालून बाहेर. (काचा पायाखालीच असतात, अनुभवाने सांगतोय.) आणि माळ्यावरची ट्रंक आजच खाली काढा, विशेषतः पलंगावरच्या माळ्यावरची.

खरी गंमत नंतर. अख्खी आळी रस्त्यावर, जो तो रिश्टरचा आकडा लावतो. कुणीतरी म्हणणारच, "धरणाला तडा गेला!" ते पुढे पाठवू नका, तहसीलची सूचना येईपर्यंत थांबा. पण त्या भीतीला हसूही नका. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झालेल्या ६.३ रिश्टरच्या आसपासच्या भूकंपाने कोयनानगर झोपेतच उद्ध्वस्त झालं होतं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याचा या हादऱ्यांशी संबंध असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात, त्यामुळे इथल्या लोकांची नजर जमिनीइतकीच पाण्याच्या पातळीवर असते.

मोठा धक्का बसला की त्या रात्री शेजारच्या आजी अंगणात अंथरूण टाकतील. तुम्हीही चटई घेऊन जा.